आंबवड्यात विसावलेला स्वराज्याचा सचिव

पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळहून उजवीकडे वळले, की नीरेच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता भोरच्या वेशीवर येतो. गावात शिरताच नजर ठरते ती पंतसचिवांच्या राजवाड्यावर. आधीचा वाडा आगीत भस्मसात झाल्यानंतर १८६९ मध्ये उभारलेली ही वास्तू. प्रशस्त चौक, कोरीव लाकडी खांब, नक्षीदार महिरपी आणि दरबाराचा दिवाणखाना. रामनवमीच्या उत्सवात हा वाडा आजही गजबजतो, आणि एरवी चित्रपटांच्या पडद्यावर कधी पेशव्यांची हवेली, तर कधी एखाद्या जमीनदाराची गढी बनून प्रेक्षकांसमोर येतो. वाडा पाहून परतणाऱ्या पर्यटकांपैकी फारच थोडे जण आणखी दहा-बारा किलोमीटर पुढे आंबवड्यापर्यंत जातात. या वाड्याचा पाया ज्याच्या कर्तृत्वावर उभा आहे, तो पुरुष मात्र तिथे विसावला आहे.

आंबवडे हे रायरेश्वराच्या वाटेवरचे छोटेसे गाव. गावाजवळच्या ओढ्यावर संस्थानी काळात बांधलेला झुलता पूल आहे. तो ओलांडून पायऱ्या उतरल्या की गर्द झाडीत नागेश्वराचे प्राचीन मंदिर दिसते. ऐन उन्हाळ्यातही इथे गारवा असतो. याच परिसरात शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आहे. भोर संस्थानचे हे मूळ पुरुष. छत्रपती संभाजी महाराजांच्या निर्घृण हत्येनंतर मराठी राज्य बुडाले असे दिल्लीपतीला वाटत असताना, मावळातले किल्ले एकामागून एक परत जिंकून घेणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक. राज्य वाचवण्यासाठी अठरा वर्षे झुंजलेल्या या मुत्सद्द्याने शत्रू मेल्यानंतर, विजय दाराशी आलेला असताना स्वतःचे आयुष्य स्वतःच संपवले. असे का घडले, हा प्रश्न तीनशे वर्षांनंतरही आंबवड्याच्या झाडीत रेंगाळतो आहे.

कारकुनीतून कारभाराकडे

शंकराजींचे घराणे मूळचे पैठणजवळच्या गांडापूरचे. त्यावरून त्यांचे आडनाव गांडेकर. वडिलांचे नाव नारो मुकुंद. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे, लेखणीवर जगणारे. शंकराजींची सुरुवातही कारकुनीतूनच झाली. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे धडे गिरवले. किल्ल्यांची व्यवस्था, गडकऱ्यांचा बंदोबस्त, धान्य आणि दारूगोळ्याचा साठा, देशमुख-देशपांड्यांशी होणारा रोजचा व्यवहार या साऱ्याचा अनुभव त्यांना तरुणपणीच मिळाला. शांततेच्या काळात असा माणूस एखाद्या कचेरीत हिशेब तपासत आयुष्य घालवता. पण तो काळ शांततेचा नव्हता.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केले. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. गडावर येसूबाई राणीसाहेब, बाल शाहूराजे आणि राजाराम महाराज होते. सारेच एका जागी सापडले तर राज्याला धनीच उरणार नाही, हे ओळखून येसूबाईंनी राजारामांना बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा अशी मजल मारीत दूर दक्षिणेतील जिंजीकडे निघाले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले.

राजा जिंजीला, राजधानी शत्रूच्या हाती, खजिना रिता आणि फौज विखुरलेली. अशा अवस्थेत महाराष्ट्रातला कारभार राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला व त्यांना हुकूमतपन्हा हा किताब दिला. रामचंद्रपंतांच्या हाताखाली तयार झालेली दोन माणसे या संकटात पुढे आली. एक परशुराम त्रिंबक आणि दुसरे शंकराजी नारायण. शंकराजींना राजाज्ञा हा किताब मिळाला. रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली छावण्यांवर तुटून पडत होते. त्यांच्या मागे राज्याची घडी सावरण्याचे काम या तिघांनी केले.

किल्ले परत आले

शंकराजींच्या वाट्याला मावळ आले. राजगड, तोरणा, रोहिडा, प्रतापगड हे किल्ले आणि त्यांच्या कुशीतली खोरी हा शिवकालीन स्वराज्याचा गाभा. शिवाजी महाराजांनी इथल्याच मावळ्यांना हाताशी धरून राज्याचा आरंभ केला होता. तोच प्रदेश आता मोगलांच्या ताब्यात होता. शंकराजींनी मावळातून नवी फौज उभी केली. १६९० ते १६९२ या काळात प्रतापगड, रोहिडा, राजगड, तोरणा असे किल्ले पुन्हा मराठ्यांच्या हाती आले. १६९३ मध्ये नावजी बलकवडे यांनी सिंहगड सर केला, तोही शंकराजींच्याच योजनेतून. तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमानंतर तेवीस वर्षांनी सिंहगडावर पुन्हा मावळे चढले. नावजींच्या या कामगिरीबद्दल त्यांना गाव इनाम मिळाले.

किल्ला जिंकण्यापेक्षा माणसे टिकवणे त्या काळी अधिक अवघड होते. औरंगजेबाकडे तलवारीइतकेच प्रभावी दुसरे हत्यार होते, ते म्हणजे वतनाची सनद. जो देशमुख मोगलांना मिळेल त्याला वतन, जहागीर, मनसब बहाल होत असे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाऊबंदकीने पोखरलेल्या देशमुखी घराण्यांत हा मोह लवकर शिरे. एक भाऊ मराठ्यांकडे राहिला तर दुसरा मोगलांकडे जाऊन त्याच वतनावर हक्क सांगे. शिवाजी महाराजांनी वतनदारांवर घातलेला लगाम या धामधुमीत टिकणे शक्य नव्हते. वतनदारांना राखायचे तर त्यांना वतनाचे अभयवचन देणे भाग होते. शंकराजींनी ते दिले. कुणाला कौल, कुणाला इनाम, तर कुणाला दटावणी, अशा मार्गांनी त्यांनी मावळातील घराणी स्वराज्याच्या बाजूला बांधून ठेवली. या धोरणाने पुढे मराठी राज्यात सरंजामशाही बळावली, अशी टीका इतिहासकार करतात आणि तीत तथ्यही आहे. पण ज्या घडीला राज्य राहते की जाते हाच प्रश्न होता, त्या घडीला कारभाऱ्यांपुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता, हेही तितकेच खरे.

या सेवेचे फळ म्हणून राजाराम महाराजांनी शंकराजींना अष्टप्रधानांतील सचिवपद दिले. शिवाजी महाराजांच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रांतील मजकूर तपासणे, त्यातील अधिक-उणे दुरुस्त करणे, महालांच्या जमाखर्चावर नजर ठेवणे ही सचिवाची कामे. परंतु शंकराजींच्या काळात हे पद केवळ दप्तराचे राहिले नाही. राजगडासारख्या बलदंड किल्ल्यावरून कारभार पाहणारा हा सचिव म्हणजे एका सबंध प्रांताचा रक्षणकर्ता होता. भोर संस्थानची स्थापना १६९७ ची मानली जाते. पुढे संस्थानच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ अशी नावे होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. पाचांपैकी चार तालुके किल्ल्यांची नावे मिरवतात, यातच या संस्थानच्या जन्माची कथा सामावलेली आहे.

आलमगीर मावळात

३ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. वय अवघे तीस. मराठ्यांवर पुन्हा आभाळ कोसळले. राणी ताराबाईंनी आपल्या लहानग्या पुत्राला, शिवाजीला, गादीवर बसवून सूत्रे हाती घेतली. रामचंद्रपंतांचा कल मोगलांच्या कैदेत असलेल्या शाहूराजांच्या हक्काकडे होता, असे सांगितले जाते. परशुरामपंत आणि शंकराजी मात्र ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. कैदेतला राजपुत्र लढ्याचे नेतृत्व करू शकत नव्हता. लढा पुढे न्यायचा तर समोर असलेली, खंबीर मनाची राणीच हवी होती.

औरंगजेबाने आता हट्टाने एकेक किल्ला घेण्याचे ठरवले. १७०० मध्ये सातारा, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड. वयाची ऐंशी ओलांडलेला बादशहा मग स्वतः राजगडावर चालून आला. आज राजगड तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील हा दुर्गम मुलूख. तोफा ओढून नेताना मोगलांची दमछाक झाली. तरी फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला आणि पाठोपाठ मार्चमध्ये तोरणाही गेला. ज्या किल्ल्यांवर शंकराजींचा सारा कारभार उभा होता, तेच किल्ले शत्रूच्या हाती गेले.

पण मोगलांचा हा विजय पाण्यावरच्या रेघेसारखा ठरला. बादशाही छावणी पुढे सरकली की मागे मराठे उठत. किल्ला घेण्यासाठी महिनोन्‌महिने खर्ची पडत आणि तो राखण्यासाठी ठेवलेली शिबंदी उपाशी मरे. बादशाही फौजा पुण्याच्या भागातून विजापूरकडे वळताच शंकराजींनी सिंहगड आणि आसपासची ठाणी पुन्हा हस्तगत केली. १७०७ मध्ये राजगडही परत आला. पंचवीस वर्षे दख्खनेत घालवूनही औरंगजेबाला मराठे संपवता आले नाहीत. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला. राजाराम महाराजांच्या निधनाला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती.

शपथ आणि वारस

शत्रू गेला आणि खरे संकट तेव्हा उभे राहिले. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला असता त्याने माळव्यात शाहूराजांची सुटका केली. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या. मराठ्यांत दुफळी माजावी हा त्यामागील डाव उघड होता. संभाजी महाराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे नातू, वयाच्या सातव्या वर्षापासून अठरा वर्षे कैदेत राहिलेले शाहूराजे स्वदेशी परतले, तेव्हा अनेक सरदार त्यांना जाऊन मिळाले. ताराबाईंनी ते तोतये असल्याचा प्रचार केला आणि आपल्या सरदारांकडून पुत्राच्या एकनिष्ठेची शपथ घेतली. दूधभातावर हात ठेवून ही शपथ घेतली गेली, अशी परंपरा सांगते. शपथ घेणाऱ्यांत शंकराजीही होते.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेडला दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांची शाहूराजे अस्सल असल्याबद्दल खात्री पटली होती. ते लढाईत शाहूराजांच्या बाजूला गेले आणि लढाईचा निकाल लागला. परशुरामपंत साताऱ्याकडे मागे हटले. शाहूराजांची फौज पुण्याकडून दक्षिणेला साताऱ्याच्या रोखाने निघाली. वाटेत सचिवांचा मुलूख होता. शाहूराजांनी शंकराजींना भेटीला बोलावणे धाडले.

या बोलावण्याने शंकराजींपुढे जो पेच टाकला, त्याची कल्पना आज करणे कठीण आहे. समोर येत होता तो शत्रू नव्हता. ज्या घराण्याचे मीठ खाल्ले त्याच घराण्याचा तो वडीलधारा वारस होता. त्याच्यावर तलवार उपसणे म्हणजे स्वामिद्रोह. त्याला शरण जावे तर देवाब्राह्मणांसमक्ष घेतलेली शपथ मोडत होती, आणि संकटाच्या सात वर्षांत जिच्या हुकमाने लढलो त्या राणीला ऐनवेळी सोडल्याचा डाग लागत होता. लढावे तरी पाप आणि भेटावे तरी पाप. तटस्थ राहण्याची सोय नव्हती, कारण साताऱ्याची वाट त्यांच्याच किल्ल्यांच्या छायेतून जात होती.

१७०७ च्या अखेरीस आंबवडे येथे शंकराजींनी प्राणत्याग केला. त्यांनी हिरकणी गिळली असे एक परंपरा सांगते, तर जलसमाधी घेतली असे दुसरी सांगते. तपशील वेगळे असले तरी दोन्हींचा अर्थ एकच. शपथ न मोडता आणि छत्रपतींच्या वंशावर शस्त्र न धरता या पेचातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही.

तिघांच्या तीन वाटा

एकाच गुरूच्या छायेत वाढलेल्या या तीन मुत्सद्द्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले की शंकराजींच्या निर्णयाचे वेगळेपण ध्यानात येते. रामचंद्रपंत अखेर ताराबाईंच्या आणि पुढे कोल्हापूरच्या गादीच्या सेवेत राहिले. त्यांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर आली. राज्यकारभारावरचा आज्ञापत्र हा ग्रंथ त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. परशुरामपंतांनी साताऱ्याचा किल्ला शाहूराजांविरुद्ध लढवला, कैद भोगली आणि नंतर शाहूराजांचे प्रतिनिधी होऊन राज्याची सेवा केली. औंधचे संस्थान त्यांच्या वंशाचे. एकाने पक्ष राखला, दुसऱ्याने काळाशी जुळवून घेतले. शंकराजींना यातले काहीच जमले नाही. शपथेचा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने मोजली.

हा निर्णय योग्य होता का? व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर राज्याने ऐन गरजेच्या वेळी एक अनुभवी कारभारी गमावला. घरी पत्नी येसूबाई आणि अगदी लहान मुलगा नारो शंकर होता. शंकराजी जगते तर परशुरामपंतांप्रमाणे पुढे त्यांनाही मानाचे स्थान मिळाले असते. मरणाने प्रश्न सुटत नाही, तो मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडतो, हे शंकराजींच्या कुटुंबालाही भोगावे लागले. मात्र त्या काळात शब्द हीच माणसाची खरी मालमत्ता मानली जात होती, हे विसरून या घटनेकडे पाहता येणार नाही. सनदांच्या मोहाने रोज पक्ष बदलणाऱ्या माणसांना शंकराजींनी अठरा वर्षे जवळून पाहिले होते. शब्द राखण्याचा उपदेश ज्यांना केला, त्यांच्याच देखत स्वतःचा शब्द मोडणे त्यांना असह्य झाले असावे.

शाहूराजांनी या मृत्यूचा अर्थ ओळखला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. सूड न घेता त्यांनी शंकराजींच्या अल्पवयीन मुलाला सचिवपदाची वस्त्रे दिली व मुलूख कायम ठेवला. एका निष्ठावंताच्या मरणाला एका नव्या छत्रपतीने दिलेली ही मानवंदनाच होती. राजकारणाच्या दृष्टीनेही ती शहाणपणाची ठरली. सचिवांचे किल्ले न लढता शाहूराजांच्या पक्षाला मिळाले.

येसूबाईंचा कारभार

शंकराजींच्या पश्चात येसूबाईंनी मुतालिकांच्या मदतीने दौलत सांभाळली. बाल सचिव दमाजी थोराताच्या कैदेत सापडला, तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्याची सुटका घडवून आणली. या उपकाराच्या मोबदल्यात येसूबाईंनी पुरंदर किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन केला. पुढे १७५० मध्ये तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या बदल्यात सिंहगडही पेशव्यांकडे गेला. शंकराजींनी घामाने मिळवलेले किल्ले असे हळूहळू पुण्याच्या वाढत्या सत्तेकडे सरकले. पण सचिवांची दौलत टिकली. पेशवाई बुडाली, इंग्रज आले, तरीही भोरचे संस्थान चालू राहिले. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा अडीचशे वर्षांचा हा प्रवास थांबला.

आंबवड्याच्या परिसरात शंकराजी एकटे नाहीत. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांची समाधी याच गावी आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फर्मान हाती पडले असतानाही, वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे आलेले तेच हे कान्होजी. प्रतापगडच्या भेटीत सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवा महालांची समाधीही इथलीच सांगतात. एक देशमुख, एक शिलेदार आणि एक सचिव. तिघांच्या जाती वेगळ्या आणि कामेही वेगळी, पण इमान राखण्याची कसोटी तिघांच्याही वाट्याला आली. पहिल्या दोघांपुढचा प्रश्न स्वराज्य की परके राज्य असा स्वच्छ होता. शंकराजींच्या वेळी स्वराज्यच दोन ठिकाणी उभे होते. त्यामुळे त्यांची परीक्षा अधिक अवघड होती.

भोरचा राजवाडा पाहणाऱ्याला संस्थानी वैभव दिसते. त्या वैभवाची किंमत समजून घ्यायची असेल, तर झुलता पूल ओलांडून नागेश्वराच्या पायऱ्या उतराव्यात. तिथे ना दरबार आहे ना नक्षीदार महिरपी. झाडांची सावली आहे, ओढ्याचे पाणी आहे आणि शब्दासाठी जीव देणाऱ्या एका कारभाऱ्याची साधी समाधी आहे.